तारीख चुकवणारी एसटी नको

मंडणगडच्या न्यायालयाला जोडणारी एसटी वेळापत्रके आगाराने नव्याने आखावीत आणि नगरपंचायतीने वाहनतळाची जागा तातडीने निश्चित करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. 12 ऑक्टोबर 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते न्यायालयाच्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्या समाधानात आम्हीही सहभागी आहोत. मात्र न्याय तालुक्यात आला तरी वेळास, बाणकोट, म्हाप्रळचा पक्षकार पुकाऱ्याच्या वेळी दारात उभा असेलच, याची हमी इमारत देत नाही.

पुकाऱ्याला वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असेल, तर दिवाणी दावा काढून टाकला जाऊ शकतो. फौजदारी खटल्यात आरोपी न आल्यास वॉरंट निघू शकते. त्यामुळे ज्याला एसटीचा भरवसा नाही, तो दुचाकी काढतो, उसनी गाडी आणतो किंवा वडाप पकडतो. या तालुक्याला रेल्वे नाही, म्हणजे सारा भार रस्त्यावरच. दापोली, खेड आणि आंबेतकडून येणारी वाहने ज्या बाजारपेठेत एकत्र येतात, तिथेच ही नवी वाहने उभी राहणार. वकिलांच्या गाड्या वेगळ्याच!

रस्ता रुंद करा, ही मागणी आम्ही आज करत नाही. त्यात दुकानदारांचा बळी आधी जातो. सकाळी दहापूर्वी पोहोचणाऱ्या आणि कामकाज संपल्यावर सुटणाऱ्या फेऱ्या आगाराने जाहीर कराव्यात. गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या गाड्या दाखल होण्यापूर्वी हे झाले नाही, तर कोंडीचे उत्तर आगार आणि नगरपंचायत या दोघांनाही द्यावे लागेल.