छंदाचे मोल

छंद हा पदरमोड करूनच पुरवायचा असतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. मुलगा पोस्टाची तिकिटे जमवू लागला किंवा मुलगी पाखरांच्या मागे हिंडू लागली, की घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "यातून पोट भरणार आहे का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खचितच नाही. कमावता हात एक आणि खाणारी तोंडे पाच असली, म्हणजे तो विचारावाच लागतो. अलीकडे मात्र नेमका उलटा भाबडेपणाही वाढीस लागला आहे. आवडीच्या विषयावर चार शब्द लिहावेत आणि घरबसल्या पैसा यावा, इतके ते सोपे आहे, असे तरुणांना सांगितले जाते. या दोन्ही समजुती पारखून घेण्यास एका छांदिष्टाची हकिगत उपयोगी पडेल.

जगातले पहिले डिंक लावलेले टपाल तिकीट १८४० च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये निघाले. त्याच वर्षी जून महिन्यात प्लिमथ या बंदराच्या गावी एडवर्ड स्टॅन्ली गिबन्स याचा जन्म झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते. मुलाला तिकिटांचा नाद लागला, तेव्हा १८५६ साली त्यांनी दुकानातलाच एक कोपरा त्याला तिकिटांच्या विक्रीसाठी दिला. वडिलांचा हा निर्णय मोठा शहाणपणाचा म्हटला पाहिजे. त्यांनी मुलाचा नाद मोडला नाही आणि नादापायी औषधांचे दुकानही मोडले नाही. पोट भरण्याचे साधन शाबूत ठेवून छंदाला कोपऱ्यापुरती जागा दिली.

१८६३ मध्ये दोन खलाशी त्या दुकानात आले. त्यांच्या पिशवीत केप ऑफ गुड होपची त्रिकोणी तिकिटे खच्चून भरलेली होती. गिबन्सने ती सगळी ५ पौंडांना विकत घेतली आणि त्यांवर पुष्कळ नफा कमावला. ही गोष्ट तिकिटे जमवणाऱ्यांत फार सांगितली जाते, कारण नशीब उघडल्याच्या गोष्टी सर्वांनाच गोड लागतात. परंतु पिशवी उघडल्यावर तिच्यात काय आहे, हे ओळखणारी नजर त्या तरुणापाशी आधीच तयार होती. खलाशी दुसऱ्या एखाद्या दुकानात शिरते, तर तेथल्या माणसाने त्या पिशवीकडे ढुंकूनही पाहिले नसते.

गिबन्सच्या धंद्याचा खरा पाया मात्र या पिशवीने घातला नाही. १८६५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने एक पेनी किमतीचे छोटेसे किंमतपत्रक छापले. त्या काळी तिकिटे जमवणाऱ्याची मोठी पंचाईत होत असे. कोणत्या देशाने कोणती तिकिटे काढली, त्यांतली कोणती सहज मिळणारी आणि कोणती दुर्मीळ, कोणती रास्त किमतीत घ्यावीत, हे सांगणार कोण? किंमतपत्रकाने ही अडचण दूर केली. पुढे चौदा वर्षे ते महिन्यामागून महिना निघत राहिले. आपल्याला तिकिटे किती आवडतात, हे गिबन्सने लोकांना सांगितले असते, तर ते ऐकायला कोणी पेनी मोजली नसती. दुसऱ्याची अडचण दूर करणारी माहिती त्याने दिली आणि नेमाने दिली, म्हणून लोकांनी पैसे मोजले.

अशा यादीचे मोल पुढील घटनेवरून ध्यानात येईल. दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियाना या वसाहतीत १८५६ मध्ये निघालेले एक सेंटचे किरमिजी तिकीट १८७३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाला घरातल्या जुन्या कागदांत सापडले. त्याच्याजवळच्या सूचीत त्या तिकिटाची नोंद नव्हती. त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकले. त्या जातीचे दुसरे तिकीट जगात आजवर निर्विवादपणे आढळलेले नाही. २०२१ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ८३ लक्ष डॉलर मिळाले. वस्तू तीच, पण तिची ओळख पटवणारी नोंद नव्हती, म्हणून मुलाच्या हाती सहा शिलिंगच पडले.

आपल्या गावांची नावेही अशा सूच्यांत आहेत. हैदराबाद संस्थानाची तिकिटे १८६९ पासून, गोव्यात पोर्तुगीज सरकारची १८७१ पासून, भारतीय तिकिटांवर 'ग्वाल्हेर' हे नाव छापलेली १८८५ पासून आणि होळकरांच्या इंदूरची १८८६ पासून निघाली. ती संस्थाने लयास गेली, गोव्यातील पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये संपली. परंतु कोणा छांदिष्टाने चिकाटीने केलेल्या नोंदीत त्यांचे टपाल अद्याप जागच्या जागी आहे. आजोबांच्या पेटीतली पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे.

आता दुसरी बाजू. गिबन्सने १८९० मध्ये आपला व्यवसाय २५,००० पौंडांना विकला. नाव तेच राहिले, मालक बदलत गेले. २०२१ च्या लिलावात ते किरमिजी तिकीट याच नावाच्या कंपनीने घेतले आणि पुढे त्या एकाच तिकिटाचे हिस्से पाडून लोकांना विकायला काढले. हिस्सा घेणाऱ्याच्या वहीत काही ते तिकीट चिकटवता येत नाही! २०२३ च्या अखेरीस ती कंपनी आर्थिक अडचणीत येऊन तिचा कारभार प्रशासकांकडे गेला व व्यवसाय दुसऱ्या कंपनीने घेतला. किमतीवरच नजर खिळली, की छंदातला आनंद तर ओसरतोच, पण पैसाही टिकेल याचा भरवसा नाही. इतक्या उलाढालींतून तगून राहिली ती सूची. ती अद्याप निघते आणि लोक ती विकत घेतात.

यातून आपल्या घरांपुरता बोध काय घ्यावा? छंदातून पैसा मिळू शकतो, पण तो छंदाच्या कौतुकाचा नसून छंदातून आलेल्या जाणकारीचा मोबदला असतो. मोडी लिपीचेच पाहा. ती वाचण्याचा नाद म्हणजे रिकामपणचा उद्योग, असे पुष्कळांना वाटे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी गरज भासू लागली. ती विद्या एका रात्रीत येणारी नव्हती. ज्यांनी ती आधी निव्वळ आवडीने जोपासली होती, तेच उपयोगी पडले.

म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती अशी, की मुलाचा नाद मोडू नका. त्याला एक कोपरा द्या, मात्र आपले दुकान चालू ठेवा. आणि तरुणांनी पहिल्या दिवशी कमाईचा हिशेब मांडू नये. या विषयात लोक कोठे अडतात, हे पाहावे; तेवढेच नीट शिकून नेमाने, खरे तेच लिहावे. मोबदला उशिरा येईल, कदाचित येणारही नाही, ही मनाची तयारी असावी. आणि आलाच, तरी आपल्या संग्रहातील निदान एका वस्तूवर किमतीची चिठ्ठी कधीही लावू नये.