श्वास सोडा, डॉक्टर सोडू नका!

१० मे २०२५. सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी बळी गेला. बातमी आपण वाचली, फॉरवर्ड केली आणि विसरलो. पण अशा वेळी जे वाचतात, ज्यांच्या डोळ्यांदेखत हे घडतं, त्यांचं पुढे काय होतं?

वनविभागाचा पंचनामा होतो, मदतीचा चेक मिळतो. मनाचा पंचनामा मात्र कुणी करत नाही. रात्री दचकून उठणं, पाचोळा वाजला तरी छाती धडधडणं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं... हे महिन्याहून जास्त चाललं, तर तो पीटीएसडी असू शकतो. गावात म्हणतात, ‘धसका घेतला.’ १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्यात भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि वाहनचालक गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी, घरच्यांनी घेतलेल्या धसक्याचं काय?

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘योगा करा!’ सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत ६४ महिलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांच्या योगवर्गानंतर निम्म्याहून थोड्या जास्त महिला पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आल्या. योग न केलेल्या गटात हे प्रमाण सुमारे २१ टक्के होतं. पण योग तिथे पूरक उपचार होता, डॉक्टरांना पर्याय नव्हता. शिवाय त्या महिलांना पुन्हा वाघाच्या जंगलात जायचं नव्हतं. आपल्याकडे मोहफुलं, सरपण, तेंदूपत्ता यांसाठी त्याच वाटेने जावं लागतं. त्यामुळे ‘भीती मनातून काढून टाका’ हे बोलणं सोपं आहे.

आणखी एक गोष्ट. घाबरलेल्या माणसाला ‘डोळे मिटा, शवासन करा’ म्हटलं, तर भीती वाढूही शकते. डोळे उघडे ठेवायची मुभा, न विचारता अंगाला हात न लावणं, नको वाटलं तर थांबायची मोकळीक हवी. श्वास सावकाश सोडला की धडधड थोडी शांत होते, एवढ्यापासूनही सुरुवात होते.

मित्रांनो, आपली एनएसएसची शिबिरं याच गावांत होतात. २१ जूनला चटईवरचे फोटो काढण्यापेक्षा तिथे दोन गोष्टी करू या. धसका घेतलेल्या माणसाजवळ बसून त्याचं ऐकू या. आणि टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर त्याला लावून देऊ या.

योग शिकवायचाच आहे? जरूर शिकवा. पण सरकारी दवाखान्यापर्यंत सोबतही जा.