निवृत्तीची तारीख यंत्रालाही असते

कार्यालयात नवा माणूस रुजू झाला की कारकून त्याचे सेवापुस्तक उघडतो आणि पहिल्याच पानावर जन्मतारीख लिहितो. त्या एका तारखेवरून तो कोणत्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार हेही त्याच दिवशी कळते. म्हणून पेन्शनचे कागद वेळेआधी तयार करता येतात आणि त्या जागी कोण बसणार याचा विचार करता येतो. ज्या कार्यालयात हे होत नाही, तिथे निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ होतात आणि दुसऱ्या दिवसापासून कपाटाच्या किल्ल्यांची शोधाशोध सुरू होते.

वाचकहो, संगणकाच्या प्रणालीलाही अशीच निवृत्तीची तारीख असते आणि ती बहुधा आधीच जाहीर झालेली असते. आज आपल्या खेड्यापाड्यांतील पतसंस्था, बचत गट, वसतिगृहे आणि वाचनालये यांचा कारभार हळूहळू संगणकावर आला आहे. गावातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी प्रेमाने कार्यक्रम तयार करून देते. हप्ता भरला की सभासदाला निरोप जातो, अर्ज भरला की पावती निघते. सगळे खूश असतात. पण या कार्यक्रमाचे सेवापुस्तक कोणी उघडले आहे काय?

एटीएमचा धडा

आधी सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ साली बाजारात आली. ८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने तिचा आधार थांबवला. आधार थांबवला म्हणजे प्रणाली बंद पडली असे नव्हे. यापुढे तिच्यात चोरवाट सापडली तरी ती नियमितपणे बुजवून मिळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. देशातील पुष्कळ एटीएम यंत्रे याच प्रणालीवर चालत होती आणि त्या तारखेनंतरही चालत राहिली. नोटा बाहेर येत होत्या, म्हणून कोणाला घाई वाटली नाही. अखेर मुंबईहून रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढले आणि बँकांना टप्पे ठरवून दिले. सप्टेंबर २०१८ पर्यंत एक चतुर्थांश, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत तीन चतुर्थांश आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे नव्या प्रणालीवर आणायची होती. आधार संपल्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

यातून शिकायचे ते एवढेच की, 'चालते आहे' आणि 'सांभाळले जात आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकांना जागे करायला रिझर्व्ह बँक होती. गावच्या संस्थेला जागे कोण करणार?

मळणी यंत्र आणि त्याची चाळणी

आता नव्या पद्धतीकडे येऊ. तिला सर्व्हरलेस म्हणतात. नावावरून यंत्रच नाही असे वाटते, पण यंत्र असते. ते आपले नसते आणि आपल्याला ते सांभाळावे लागत नाही. आपल्या नायगाव भागात सोयाबीन काढले की लहान शेतकरी मळणी यंत्र विकत घेत नाही. यंत्रवाल्याला बोलावतो, जेवढी पोती निघतील तेवढ्याचे पैसे देतो आणि मोकळा होतो. यंत्राचे तेलपाणी, पट्टे, दुरुस्ती हे सारे यंत्रवाल्याकडे. सर्व्हरलेसचेही तसेच. कार्यक्रम जेवढा वेळ चालेल तेवढेच पैसे. अॅमेझॉन कंपनीने २०१४ च्या नोव्हेंबरात लॅम्डा नावाने ही सोय जाहीर केली. या कंपनीची मोठी संगणक केंद्रे २०१६ पासून मुंबई विभागात आणि २०२२ पासून हैदराबाद विभागात आहेत. गुगल आणि मायक्रोसॉफ्टही अशीच सोय देतात.

मळणी यंत्रात पिकाप्रमाणे चाळणी बदलावी लागते. सर्व्हरलेसमध्ये त्या चाळणीच्या जागी रनटाइम असतो. कार्यक्रम पायथन भाषेत लिहिला असेल तर पायथनचा रनटाइम, जावास्क्रिप्टमध्ये लिहिला असेल तर नोडचा. त्यातही आवृत्त्या असतात. ठरलेल्या आवृत्तीच्या आतली बारीक दुरुस्ती कंपनी परस्पर करते. पण जुनी आवृत्ती सोडून नव्या आवृत्तीवर जायचे काम कंपनी करत नाही. ते काम कार्यक्रमाच्या मालकाचे.

निवृत्तीचे टप्पे

पायथनच्या प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य साधारण पाच वर्षांचे असते. ३.८ ही आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा आधार संपला. त्याच महिन्यात लॅम्डानेही तिला निवृत्त केले. ३.९ ही आवृत्ती २०२० च्या ऑक्टोबरात आली, २०२५ च्या ऑक्टोबरात संपली आणि डिसेंबर २०२५ मध्ये लॅम्डावरून निवृत्त झाली. नोडची १८ वी आवृत्ती एप्रिल २०२२ ते एप्रिल २०२५ अशी तीनच वर्षे जगली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लॅम्डानेही तिचा आधार काढून घेतला.

निवृत्ती एका फटक्यात होत नाही. अॅमेझॉन किमान १८० दिवस आधी खातेदाराला ई-मेलने कळवते. तारीख उलटली की त्या रनटाइमला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबते. नंतर काही काळाने त्याच्यावर नवा कार्यक्रम उभा करता येत नाही. त्याही पुढे जुन्या कार्यक्रमात बदल करता येत नाही. मात्र आहे तो कार्यक्रम चालतच राहतो. गुगलच्या नियमांत तर अखेरच्या टप्प्यावर कार्यक्रम बंदही केला जाऊ शकतो.

खरा धोका त्या 'चालतच राहतो' मध्ये आहे. समजा, एका ग्राहक भांडाराची बिले अशा निवृत्त रनटाइमवर निघतात. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि बहुतेक वस्तू ५ व १८ टक्क्यांत आल्या. बिलाच्या कार्यक्रमात बदल एका ओळीचा होता. पण बदल करण्याची मुदतच संपलेली असेल, तर त्या एका ओळीसाठी आधी अख्खा कार्यक्रम नव्या रनटाइमवर न्यावा लागतो. दुकानात गिऱ्हाईक उभे आणि आत घर हलवण्याची तयारी, अशी गत होते.

ताळा पाहिल्याशिवाय सही नको

घर हलवतानाही हिशोबी माणसाने डोळे उघडे ठेवावेत. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि लोक पायथन ३ वर आले. पायथन २ मध्ये ५ ला २ ने भागले तर उत्तर २ येई, अपूर्णांक टाकून दिला जाई. पायथन ३ मध्ये तेच उत्तर २.५ येते. असा कार्यक्रम बंद पडत नाही आणि तक्रारही करत नाही. फक्त आकडा बदलतो. व्याज, लाभांश किंवा हप्ता काढणाऱ्या कार्यक्रमात असे झाले तर सभासदांचा संस्थेवरचा विश्वास जाईल. म्हणून नव्या रनटाइमवर गेल्यावर निदान एका महिन्याचा हिशोब जुन्या व नव्या दोन्हींवर काढावा. ताळा जमला तरच जुना बंद करावा.

नोटीस कोणाच्या दारात?

१८० दिवस म्हणजे जवळपास सहा महिने. मुदत पुरेशी आहे. पण नोटीस ज्या ई-मेलवर येते तो कोणाचा? बहुतेक ठिकाणी तो कार्यक्रम करून देणाऱ्या मुलाचा असतो. तो मुलगा नरसीच्या रस्त्याने हैदराबादला किंवा पुण्याला नोकरीला गेलेला असतो. त्याने गावाला दिले ते मनापासून दिले, त्याचा दोष नाही. संस्थेने त्याच्याकडून वस्तू घेतली, पण ती सांभाळायची कोणी हे ठरवले नाही. सभागृह बांधले की दरवर्षी रंगसफेदीची तरतूद आपण करतो. फुकट मिळालेल्या कार्यक्रमालाही तशीच तरतूद हवी.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक साधी वही घ्या आणि तिच्यात पाच रकाने आखा.

१) कार्यक्रमाचे नाव आणि तो कोणते काम करतो.
२) तो कोणत्या रनटाइमवर आहे आणि कोणती आवृत्ती.
३) त्या आवृत्तीचा आधार संपण्याची तारीख.
४) खाते कोणाच्या नावावर आहे, नोटीस कोणत्या ई-मेलवर येते आणि बिल कोण भरतो.
५) मूळ कोडची प्रत कोठे ठेवली आहे आणि बदल करणारी दोन माणसे कोण.

दोन माणसे मुद्दाम म्हटले, कारण एकटा माणूस आजारी पडतो, गावाला जातो, नोकरी बदलतो. ई-मेल संस्थेच्या नावाने काढावा आणि त्याची जबाबदारी सचिवाकडे असावी. वार्षिक सभेत जमाखर्चाला मंजुरी देताना ही वहीही टेबलावर यावी. ज्या कार्यक्रमाची तारीख वर्षाच्या आत आहे, त्याचे काम त्याच सभेत कोणाकडे तरी सोपवावे.

आता दोन शब्द आपल्या शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. क्लासमध्ये फी भरण्यापूर्वी विचारा की पायथनची किंवा नोडची कोणती आवृत्ती शिकवणार आणि तिचा आधार कधीपर्यंत आहे. निवृत्त झालेल्या आवृत्तीवर पैसे आणि सहा महिने घालवू नका. आणि नोकरीत कोणी जुना कार्यक्रम नव्या रनटाइमवर आणायचे काम दिले तर तोंड वाकडे करू नका. नवे बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर लागते, गळती काढणाऱ्याचे लागत नाही. पण पावसाळ्यात घरातली माणसे कोरडी राहतात ती त्याच्यामुळे. या कामाची गरज संपणारी नाही, कारण दर ऑक्टोबरात पायथनची नवी आवृत्ती येते आणि कोणती तरी जुनी निघून जाते.

येत्या रविवारी संस्थेच्या बैठकीला जाताना एक कोरी वही बरोबर न्या. तिसरा रकाना आधी भरा.