घरच्या संगणकाचा जीर्णोद्धार

एकत्र कुटुंबांत पूर्वीं वाद होत ते वाटणीवरून, सोयरिकीवरून, किंवा माजघराची भिंत पाडावी कीं ठेवावी यावरून. आतां त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. परवां एका स्नेह्यांकडे चहास गेलों असतां तोच वाद ऐन रंगांत आला होता. दिवाणखान्यांतील संगणकावर विंडोज १० ही जुनी प्रणाली तशीच ठेवावी, कीं तिच्या जागीं विंडोज ११ बसवावी, असा तो प्रश्न. धाकटे चिरंजीव नव्याचे कैवारी, तर आजोबा जुन्याचे. सूनबाईंनीं आम्हांस पंच नेमलें. हाच प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं असेल, म्हणून तो निवाडा येथें सविस्तर देत आहों.

चिरंजीवांचा पक्ष प्रथम ऐकूं. विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्यें बाहेर आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तिची नित्याची देखभाल थांबविली. याचा अर्थ त्या दिवशीं संगणक बंद पडला असा नव्हे. तो पूर्वींप्रमाणेंच चालतो, आणि म्हणूनच घरांतील वडीलधाऱ्यांस धोका जाणवत नाहीं. थांबते ती डागडुजी. प्रणालींत वरचेवर भगदाडें सांपडतात, व देखभाल चालू असेपर्यंत कंपनी दर महिन्यास तीं बुजवीत असते. न बुजविलेल्या भगदाडांतून काय शिरतें, हें जगानें १२ मे २०१७ रोजीं पाहिलें आहे. ‘वॉनाक्राय’ नांवाचा उपद्रवी प्रोग्राम त्या दिवशीं देशोदेशीं पसरला व इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांचेंही काम विस्कळित झालें. त्या भगदाडावरची दुरुस्ती कंपनीनें मार्च महिन्यांतच दिली होती, परंतु असंख्य ठिकाणीं ती लावून घेतलेली नव्हती. ज्या यंत्रावरून घरचा बँकेचा व्यवहार चालतो, त्याचें दार असें उघडें ठेवणें शहाणपणाचें नाहीं, हें चिरंजीवांचें म्हणणें आम्हांस सर्वस्वी मान्य आहे.

आतां आजोबांचा पक्ष. तो आम्हीं हट्ट समजून चाललों होतों, पण तो हट्ट नव्हता. आजोबांनीं बारा वर्षें खपून घराण्याचा कुलवृत्तान्त या संगणकावर लिहिला आहे. त्यांत पुरुषांच्या नांवांबरोबर घरांत आलेल्या सुनांचीं माहेरचीं नांवेंही आहेत. जुन्या वंशावळींत तीं कोणीं लिहिलींच नव्हतीं. आजोबांनीं गांवोगांवच्या वृद्ध आप्त स्त्रियांस पत्रें धाडून तीं मिळविलीं, आणि तीं सांगणाऱ्यांपैकीं आज एकही हयात नाहीं. हें सारें लेखन जुन्या धर्तीच्या मराठी फाँटमध्यें आहे. तें ज्या प्रोग्रामवर केलें, तो विकणाराचा आतां पत्ता लागत नाहीं. नव्या प्रणालीवर तो प्रोग्राम चालला नाहीं तर काय, ही त्यांची भीति.

ही भीति अस्थानीं नाहीं. ते जुने फाँट म्हणजे रोमन अक्षरांवर चढविलेले देवनागरी मुखवटे होत. संगणकाच्या हिशेबीं तेथें रोमन अक्षर किंवा एखादें चिन्हच असतें, आणि फाँट त्यास आपल्या लिपीचें रूप देतो. फाँट नाहींसा झाला कीं फाइल शाबूत असूनही पानावर निरर्थक अक्षरांची रांगोळी उरते. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, तींत देवनागरी अक्षरांस स्वतःचे क्रमांक मिळाले. त्या पद्धतीनें लिहिलेला मजकूर आज कोणत्याही संगणकावर वा फोनवर वाचतां येतो. जुना मजकूर युनिकोडमध्यें आणणारे प्रोग्राम आहेत, पण त्यांचें काम निर्दोष होईलच असें नाहीं. जुन्या फाँटमध्यें ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधीं लिहिली जाई, तर युनिकोडमध्यें ती व्यंजनानंतर येते. त्यामुळें वेलांट्या, रफार व जोडाक्षरें येथें चुका राहतात, आणि नांवांच्या यादींत चुकलेली वेलांटी दुसरा कोण ओळखणार?

तेव्हां आम्हीं निवाडा दिला तो असा. नवी प्रणाली बसवावी, पण क्रम चुकवूं नये. जुनें सर्व चालू आहे तोंच संपूर्ण वृत्तान्ताची पीडीएफ प्रत काढावी. तींत फाँटही अंतर्भूत होत असल्यामुळें पानें जशीच्या तशीं राहतात. तिच्या व मूळ फाइलींच्या दोन प्रती निराळ्या साधनांवर घ्याव्या, व एक दुसऱ्या घरीं ठेवावी. मग मजकूर युनिकोडमध्यें आणावा व आजोबांनीं तो स्वतः तपासावा. तें पुरें होईपर्यंत या संगणकाचें इंटरनेट तोडावें व बँकेचा व्यवहार त्यावरून करूं नये. नंतरच प्रणाली बदलावी. बदलल्यावर दहा दिवसांच्या आंत मागें फिरण्याची सोय विंडोजमध्यें असते, पण ती प्रतींची जागा घेऊं शकत नाहीं.

यंत्र नव्या प्रणालीस पात्र आहे कीं नाहीं, हेंही आधीं पाहावें. निदान ४ जीबी स्मृति, ६४ जीबी सांठवण आणि टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सोय तिला लागते. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणें आठव्या पिढीपासूनचा असावा लागतो. ‘पीसी हेल्थ चेक’ हा कंपनीचा फुकट प्रोग्राम याचें उत्तर देतो. यंत्र अपात्र ठरलें तरी तें लगेच भंगारांत घालूं नये. घरगुती ग्राहकांसाठीं कंपनीनें नांव नोंदविण्याच्या अटीवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव देखभाल २०२५ सालीं जाहीर केली होती, पण ती कायमची तोड नव्हे. लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहतां येते. पत्रव्यवहार, वाचन व बँक एवढेंच काम असेल तर ती पुरेशी आहे. मात्र विंडोजसाठीं घेतलेले प्रोग्राम तिच्यावर सरसकट चालत नाहींत.

आमचा निवाडा उभय पक्षांस मान्य झाला. हल्लीं त्या घरीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं नात संगणकावर बसते व आजोबा जुनीं पत्रें घेऊन शेजारीं बसतात. वेलांट्या दुरुस्त करतां करतां तिनें आपल्या खापरपणजीचें माहेरचें नांव प्रथमच वाचलें. काम संपावयास अजून महिना लागेल, असें सूनबाई सांगत होत्या. नव्या प्रणालीची घाई आतां चिरंजीवांसही राहिलेली नाहीं.