पोटदुखी, शेक आणि सावधगिरी
पोट दुखू लागले की आपल्या घरांत आधी गरम पाण्याची पिशवी निघते. आम्हीही एकदा दादींचे पोट रात्रभर असेच शेकत बसलो. कळ यायची, थांबायची, पुन्हा यायची. पहाटे हिरवी उलटी झाली, तेव्हा इस्पितळ गाठले. जुन्या ऑपरेशनच्या जागी आतडी चिकटून अडथळा झाला होता.

शेकाने स्नायू सैल पडतात, दुखणे कमी भासते. पण अडथळा सुटत नाही, वेळ मात्र जातो. म्हणून थांबून थांबून कळा, उलट्या, फुगलेले पोट, शौच व वारा बंद अशी लक्षणे दिसली की रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये. एरंडेल, जुलाब तर मुळीच नको. ताबडतोब इस्पितळात न्यावे.

तिथे सलाईन लागते, नाकातून नळी घालतात. मग डॉक्टरांची परवानगी असेल तरच परिचारिका शेक देतात. पिशवी कापडात गुंडाळून, १५-२० मिनिटे, मधूनमधून कातडी तपासत. म्हातारपणी आणि मधुमेहात चटका लवकर कळत नाही.

अल्लाहच्या कृपेने दादी बऱ्या झाल्या. पिशवी घरात जरूर असावी. पण आधी तपासणी, मग शेक.