खडे गेले, पण...

मागच्या महिन्यात ताईचं पित्ताशय काढलं. दुर्बिणीतून ऑपरेशन, त्यामुळे लवकर घरी आली. डबीतले खडे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून झाले. "सुटलीस बाई!" असं प्रत्येक जण म्हणाला. मीही म्हणालो.

परवा तिची फाईल लावताना सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती लागला. खड्यांच्या ओळीखाली कुणीतरी पेनाने जाड रेघ मारलेली. त्याच्या वरच एक ओळ होती, फॅटी लिव्हर, ग्रेड २. तिच्याखाली रेघ नाही. चार वर्षांपूर्वीचा रिपोर्ट काढला, तर त्यातही फॅटी लिव्हर होतंच, ग्रेड १. तेव्हा खडे नव्हते, म्हणून आम्ही सगळ्यांनी "रिपोर्ट नॉर्मल" म्हणून फाईल मिटली होती.

आपल्याकडे 'पित्त' या शब्दानेच अर्धा घोळ होतो. छातीत जळजळलं की पित्त, डोकं दुखलं की पित्त. ताईनेही कोकम सरबतावर वर्ष काढलं. पण खड्यांचं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. पित्तात कोलेस्टेरॉल इतकं झालं की ते विरघळून राहत नाही, की त्याचे कण बनतात आणि कणांचे खडे. पोटाचा घेर, मधुमेह, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर या ज्या गोष्टींमुळे यकृतात चरबी साठते, त्यांच्यामुळेच पित्तातलं कोलेस्टेरॉलही वाढतं. एक झालं की दुसरं होतंच असं नाही, पण दोघांचं मूळ बरंचसं एकच. दारूचा थेंब न घेणाऱ्यांनाही हे होतं.

म्हणजे आम्ही पिशवी काढली आणि कारखाना तसाच ठेवला!

यात सर्जनचा दोष नाही, त्यांनी त्यांचं काम चोख केलं. दोष आपल्या सवयीचा आहे. जे दुखतं तेवढाच आजार, असं आपण धरून चालतो. खडा गुरासारखं ओरडायला लावतो. यकृत बिचारं वर्षानुवर्षं काही बोलत नाही.

आता खरं सांगायचं तर माझ्याही कपाटात ग्रेड १ चा एक रिपोर्ट पडून आहे, दोन वर्षं. ताईचं पाहून घाबरलो आणि महिनाभर नुसत्या फळांवर राहायचं ठरवलं. डॉक्टरांनी थांबवलं. वजन झपाट्याने उतरवलं तर त्यानेही खडे होतात म्हणे, आणि माझं पित्ताशय अजून जागेवर आहे! हळूहळू सात ते दहा टक्के वजन उतरलं तरी यकृताला बराच आराम पडतो. माझ्या ७८ किलोंतले सहा किलो. जमण्यासारखं आहे.

ताई आणि मी रोज संध्याकाळी चालायला लागलोय. तुमचा जुना रिपोर्ट कुठे आहे? एकदा काढून बघा. रेघ न मारलेल्या ओळीही वाचा.