भिजत घोंगडे भिंतीवर टांगून वाळत नाही

मुंबईतील सुखवस्तू वर्गाला अलीकडे लोकरीचा उमाळा आला आहे. शहराबाहेर शेतावर एखादे टुमदार कलादालन असावे, हाताने कातलेल्या लोकरीची वस्त्रे त्याच्या भिंतींवर मांडावीत, अंगणात चार मेंढ्या चराव्यात आणि रविवारी मोटारीतून येणाऱ्या रसिकांनी ग्रामीण कारागिरीचे तोंडभरून कौतुक करावे, ही कल्पना त्याला फार भावते. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यापासून अशा हौसेला विकासाचे नावही मिळाले आहे. परंतु ज्या मेंढपाळाच्या आणि विणकराच्या नावाने हा सोहळा होतो, त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. तो आपण विचारला पाहिजे.

कलेला आमचा विरोध नाही. घोंगडी सुंदर असते, हे धनगराला कोणी शिकवायला नको. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरावी, ती पिंजावी, घरातल्या बायकांनी तिचे सूत काढावे, चिंचोक्याच्या खळीने ताणा कडक करावा आणि सणगराने खड्डामागावर बसून पट्टी विणावी, अशी ही श्रमांची साखळी आहे. एका मेंढीमागे वर्षाला किलोभरही लोकर भरत नाही. म्हणजे एका घोंगडीत अनेक मेंढ्यांची लोकर आणि अनेक माणसांचे दिवस गुंतलेले असतात. घाटावरून गिरणीत कामाला आलेल्या कामगाराच्या वळकटीत हीच घोंगडी असे आणि लालबाग-परळच्या खोल्यांतून तीच त्याचे अंथरूण होई.

आज ही साखळी तुटली आहे. या काळ्या, राठ लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून कातरलेली लोकर माळावरच टाकून द्यावी लागते. मेंढपाळ मांसासाठी वाढणाऱ्या, अंगावर लोकर कमी असलेल्या माडग्याळसारख्या जातींकडे वळतो. त्याला दोष कोण देणार? गायराने आक्रसली, वनखात्याच्या कुंपणांनी चराईच्या वाटा अडवल्या, सरकारी कांबळ्यांची खरेदी आटली. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाशी केलेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला आणि तेथील लोकरीवरील आयातशुल्क शून्यावर आले. मऊ मेरिनो आणि राठ दख्खनी यांचा उपयोग एक नाही, हे आम्ही जाणतो. पण परदेशी लोकरीसाठी ज्या राज्यकर्त्यांना करार सुचतो, त्यांना देशी लोकरीसाठी साधे खरेदी केंद्र का सुचत नाही?

यावर रसिकांचे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतात, बाजार जो भाव देत नाही तो कलादालन देते, हे काय थोडे झाले? होय, थोडेच झाले! दालनाला वर्षाकाठी मोजक्या, देखण्या वस्तू हव्या असतात. मेंढपाळाकडे सगळ्या कळपाची लोकर असते. दालन विणकराला निवडते, सूत काढणारी बाई मात्र त्याच्या नजरेस पडत नाही. किंमत वाढली तरी ती कोणात कशी वाटली गेली, याचा हिशेब कोणी मांडत नाही. दहा वस्तूंना लाभलेली प्रतिष्ठा हजार घरांची मजुरी होऊ शकत नाही.

गिरणगावाने हा अनुभव आधीच घेतला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांना चिरडल्यावर गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करण्याचा उद्योग सुरू झाला. १९९१ च्या नियमाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकांना, अशी वाटणी ठरली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ रिकाम्या जागेपुरती उरवली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. दादरच्या कोहिनूर गिरणीच्या जागी टोलेजंग इमारत उभी राहिली. घरांसाठी दीड लाखांहून अधिक कामगार व वारसांनी अर्ज केले. त्यांपैकी बहुसंख्य अजून वाट पाहत आहेत. आणि काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने योजना आखली ती वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाची! जिवंतपणी ज्याला वेतन नाकारायचे त्याचे अवजार मेल्यावर काचेच्या कपाटात ठेवायचे, ही या व्यवस्थेची रीतच आहे. गिरणीच्या मागाचे जे झाले तेच आता खड्डामागाचे होऊ घातले आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. मेंढपाळांच्या तालुक्यांत लोकरीची हमीभावाने सरकारी खरेदी झाली पाहिजे. चराईचे हक्क कागदावर आणि माळावर दोन्हीकडे मिळाले पाहिजेत. आश्रमशाळा आणि रात्रनिवारे यांच्यासाठी घोंगड्या विणकरांच्या सहकारी संस्थांकडून घेतल्या पाहिजेत. परळच्या इस्पितळांबाहेर रुग्णांचे नातेवाईक पदपथावर रात्री काढतात. घोंगडीची खरी जागा भिंतीवर नसून त्यांच्या अंगाखाली आहे. काळाचौकीला संग्रहालय व्हायचेच असेल तर तेथे पगारी विणकरांचे चालते माग असावेत आणि त्याच्या कारभारात गिरणी कामगारांना व विणकरांना स्थान असावे.

देशी लोकरीचा प्रश्न आजवर सर्व सरकारांनी भिजत घोंगड्यासारखा ठेवला. तो कलादालनात टांगून वाळणार नाही. लालबागच्या कामगाराने आणि सांगली-साताऱ्याच्या धनगराने एकमेकांचा लढा ओळखला तरच तो सुटेल, आणि ती ओळख करून देणे हे आपल्या शाखांचे काम आहे.